एकोणतीस पिशव्या

"सगळ्या जगाकडे पाठ करून, ओणवं होऊन, तेही मोठ्या साहेबांच्या पायाशी. कुणी सांगितलं होतं ते रोप उपटायला?"

बायकोने पेपर टेबलावर आपटला. कपातला चहा बशीत उतरला.

फोटो पहिल्याच पानावर होता, रंगीत. पक्षाचे मोठे साहेब हातात झारी घेऊन उभे. चेहरा असा, की बसता बसता कुणी खुर्ची ओढलीय. आणि खाली तिचा नवरा, साहेबांनी नुकतंच लावलेलं रोप दोन्ही हातांनी बाहेर काढताना. 'साहेबांचं झाड आमदारानेच उपटलं.'

"अगं, पिशवी तशीच होती," आमदार म्हणाला. "प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात घातलं. मुळं जाणार कुठे?"

"साहेबांची गाडी वळेपर्यंत दम नव्हता निघत?"

"हात थांबलाच नाही."

हे तिला पटलं, आणि म्हणूनच आणखी राग आला. हा हात तिला चांगला ठाऊक होता. मतं मागायला लोकांच्या दारात उभा राहायचा, तेव्हा बोलता बोलता त्यांच्या कुंडीतलं तण उपटायचा. गावात त्याला 'खुरपं' म्हणत. दोनदा सपाटून पडला तेव्हाही खुरपं, निवडून आला तेव्हाही खुरपंच.

आज अकराला मंत्र्यांची यादी लागणार होती. शेतीखातं यालाच, असं ड्रायव्हर कालपर्यंत पानटपरीवर सांगत होता. त्यासाठी तिने जाकीट शिवून घेतलं होतं, करड्या रंगाचं, आतून गुळगुळीत अस्तर. इस्त्री मोडू नये म्हणून तो सकाळपासून खुर्चीच्या टोकावर बसला होता.

"तीस वर्षं गुरांच्या धारा मी काढल्या," ती म्हणाली. "पिकाला पाणी मी धरलं. तुम्हाला सभांना जायचं होतं म्हणून. आता कुठे काही हाताशी येत होतं..."

फोन वाजला. साहेबांचा सेक्रेटरी. तिने खूण केली, तसा त्याने स्पीकर लावला.

"साहेब चिडलेत, पण मनात ठेवत नाहीत ते. दहाच्या आत बंगल्यावर या. फुलं आणा. कॅमेरेवाले असतील. चूक झाली एवढंच म्हणा, नाव यादीत राहतंय."

"येतो," आमदार म्हणाला आणि फोन ठेवला. "चूक झाली म्हणायला माझं काय जातंय? शंभरदा म्हणेन."

तिचा जीव भांड्यात पडला. ती उठली, त्याची कॉलर सारखी केली, खांद्यावरचा दोरा काढला. मग सहज विचारलं, "माझ्या बाकीच्या रोपांचं काय झालं?"

रोपं तिचीच होती. गोठ्यामागे तिने वाढवलेली, खत-माती कालवून पिशव्याही तिनेच भरलेल्या. कालच्या वृक्षारोपणाला तीस दिली होती, वर्षभर वाढवलेली.

आमदार बशीतला चहा कपात ओतू लागला.

"अहो, मी काय विचारतेय?"

"सगळ्या पाहुण्यांनी एकेक लावलं."

"पिशव्या काढून?"

"कुणाला माहीत असतं ते? एक मी मोकळं केलं, तेवढ्यात मला बाजूला घेतलं."

"म्हणजे एकोणतीस."

"एकोणतीस."

"पिशवी काढून लावा, हेही लिहून द्यायचं असतं होय?" ती खाली बसली. "उद्या जाऊन काढा."

"आज गवंडी येणार आहेत. दहाला. प्रत्येक झाडाभोवती सिमेंटचा कट्टा. एकदा झाला की हात जात नाही आत."

भिंतीवरच्या घड्याळात नऊला पाच कमी होते. बंगला गावाच्या एका टोकाला, झाडं लावलेलं मैदान दुसऱ्या. तिने पेपर पुन्हा ओढून घेतला. या वेळी साहेबांकडे पाहिलंच नाही. नवऱ्याच्या हातातल्या रोपाकडे पाहत राहिली. दोन पानं चुरगळली होती, शेंडा मात्र शाबूत होता.

"काढा ते," ती म्हणाली.

"काय?"

"जाकीट. मातीत बसायचंय."

त्याने ते उतरवून दिलं. तिने जाकीट खुर्चीच्या पाठीवर टाकलं, दारामागची दोन खुरपी पिशवीत घातली आणि आपल्या चपला शोधू लागली.

"तू कशाला?"

"तुमच्या एकट्याच्याने दहापर्यंत पंधराही व्हायची नाहीत."

फोन पुन्हा वाजला. "फुलं मिळाली का, साहेब विचारतायत," सेक्रेटरी म्हणाला. "निघालात ना?"

"एकोणतीस राहिलीत," आमदार म्हणाला. पायात बूट होते, ते त्याने उभ्या उभ्याच भिरकावले. "ठेवतो. मला आता निघायला हवं."