वहाणांची तोंडं

"राग लवकर येतो का तुम्हाला?" मुलीने विचारलं.

"येतो. पण दुकान बंद झाल्यावर."

मुलगी हसली. मास्तरांच्या दुकानात गिऱ्हाइकासाठी एकच स्टूल होतं, त्यावर ती बसली होती आणि हातातल्या फोनवर उत्तरं टिपत होती. मास्तर मशीनमागे बसून एका सदऱ्याला काजं करत होते. मागच्या खोलीत ते राहत. दोन महिन्यांपासून एकटेच.

"अनोळखी माणसांत रमता का?"

"मापापुरता."

"वस्तू जागच्या जागी लागते?"

मास्तरांनी नुसतं फळीकडे बोट केलं. काळ्या रिळांनंतर करडी, करड्यांनंतर पांढरी. कात्र्या लहान-मोठ्या क्रमाने टांगलेल्या.

"एखादी बाई असती तरी इतकं नीट नसतं," मुलगी म्हणाली.

"होती," मास्तर म्हणाले.

मुलीचा चेहरा पडला. मुलगी वाईट नव्हती. वाईट होते ते गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले, चुन्याची बादली नि कुंचा घेतलेले दोघे. मागच्या आठवड्यात खालच्या गल्लीत अशीच विचारपूस झाली. ज्या दारांवर चुना लागला, त्यांना आता बाहेरून कुलपं आहेत. आतली माणसं कुठे गेली, हे कोणी विचारत नाही. पुलावरून पलीकडे पाठवली म्हणतात.

"आता शेवटचं, आजोबा. पलीकडून कोणी आजारी माणूस आला, तर पूल उघडावा का?"

"उघडावा की," मास्तर बोलून गेले.

मुलीचं बोट थांबलं. सुईही थांबली.

"हे बसत नाही," ती हळूच म्हणाली. "आपल्या लोकांत कसं असतं, तरुण, नव्याची हौस असलेला माणूस पूल उघडा म्हणतो. वय झालेला, टापटिपीचा, मोजकं बोलणारा असला की बंद म्हणतो. दहा प्रश्नांत कळतं."

"आणि त्यांच्यात?"

"त्यांच्यात वयाचं नि स्वभावाचं काही चालत नाही. म्हातारा असो, पोर असो, गबाळा असो की नीटनेटका, सगळे उघडाच म्हणतात. त्यावरूनच तर ओळखू येतात."

ती उठली. तिची नजर फिरत फिरत उंबऱ्याशी आली. तिथे वहाणांचे दोन जोड होते, एक पुरुषाचा, एक बाईचा. दोन्हींची तोंडं रस्त्याकडे.

"ही तर पलीकडची सवय. पळायची वेळ आली तर पाय थेट वहाणेत जावा म्हणून ते अशा ठेवतात."

मास्तरांनी दोरा दाताने तोडला. आयुष्यात कधी तोडला नव्हता, नेहमी कात्री.

"आमची ही..." ते म्हणाले आणि थांबले. "गल्लीत कोणालाही विचारा."

विचारावं लागलंच नाही. समोरची इस्त्रीवाली मघापासून कान देऊन होती. ती इस्त्री आडवी ठेवून आलीच.

"ताई, मास्तर आपलेच हो! बायको तेवढी पलीकडची. नवीन राहायला आले तेव्हा मीच विचारलं होतं, वहाणा अशा उलट्या का गं? तर मास्तरांच्या आधी तीच बोलली, माझी सवय आहे म्हणाली. तोंडावर! लाज ना लज्जा."

"मग?"

"मग काय. नळावर आम्ही तिला शेवटी उभं करायचो. दुकानाला मात्र कोणी टाळलं नाही. हात चांगला, माणूस सरळ, बिचारा फसला एवढंच. शेवटी दवाखान्यातही डॉक्टरांनी सांगितलं, आधी आपली माणसं, मग ही. बाकावरच गेली." ती मास्तरांकडे वळली. "पण मास्तर, तुम्ही शब्दाने बोलला नाहीत हं तिथे. भांडला नाहीत. मी म्हटलं, बरोबर आहे, ज्याचं त्याने ओळखून राहावं."

मास्तर सदऱ्याची घडी घालत होते. घातलेली घडी त्यांनी मोडली नि पुन्हा घातली.

मुलीचा चेहरा सैल झाला. "सोबतीने माणूस बदलतो, आजोबा. संसार केलात, तिचं थोडं अंगाला लागणारच. तिचंच बोललात ना मघाशी?"

"हो," मास्तर म्हणाले. "तिच्यामुळेच."

"मग पुलाचं काय टिपू?"

गल्लीच्या तोंडाशी बादलीची कडी वाजली.

"बंद," मास्तर म्हणाले.

जाता जाता मुलीने पायानेच दोन्ही जोड वळवले, तोंडं घराकडे केली. "आता त्या नाहीत. तुम्ही तरी आपल्यासारखं राहा."

चुनेवाले आले. दारापाशी घुटमळले. मुलीने नकारार्थी मान हलवली, तसे ते पुढे गेले. इस्त्रीवाली म्हणाली, "सुटलात, मास्तर!" आणि तीही गेली.

मास्तरांनी दार ओढून घेतलं. भिंतीला हात टेकत ते उंबऱ्याशी खाली बसले.

त्यांनी आधी तिचा जोड घेतला. इतक्या वर्षांत हे तिला कधी जमलं नव्हतं. बाहेरून आली की वहाणा जशा निघतील तशा टाकायची, तोंडं घराकडे, या गल्लीतल्या सगळ्यांसारखी. रोज मास्तरच त्या वळवायचे. चिडायचे, आणि ती हसायची.

त्यांनी तिच्या वहाणा रस्त्याकडे वळवल्या. मग स्वतःच्या. लहानपणी, पुलापलीकडच्या घरात, आईने शिकवलं होतं तशा.