ओळीआधीची मोकळी जागा

दादा वारल्याला महिना झाला तेव्हा साहेब धाकटीच्या टेबलाशी आले आणि नजर चुकवत म्हणाले, की संध्याकाळपर्यंत त्याचं खातं मशीनवरून काढून टाक. सख्ख्या भावाचा पासवर्ड ऑफिसात तिला एकटीलाच ठाऊक होता. शेवटचं म्हणून ती त्याच्या खात्यात शिरली. त्याने लिहिलेली एक ओळ, एकच, तिला जपून ठेवायची होती.

दिलेल्या प्रत्येक आज्ञेची, म्हणजे लिहिलेल्या प्रत्येक ओळीची, मशीन नोंद ठेवतं. दादाची नोंद कोरी होती. ओळीआधी एक जागा मोकळी सोडली की ती ओळ नोंदवायची नाही, असं त्याने मशीनला शिकवलं होतं, आणि तो कायम जागा सोडूनच लिहीत आला. काम शिकवताना तिलाही म्हणायचा, “चिमणे, गुपचूप यावं, गुपचूप जावं. मागे पाऊल कशाला उमटवायचं?”

उमटलं असतं तर तुझं काय गेलं असतं रे, असं पुटपुटत तिने ती सोय काढून टाकली. यापुढे जागा सोडलेली ओळही नोंदवायची, वेळेसकट, लिहिल्या क्षणी. गेलेल्या ओळी त्यामुळे परत येणार नव्हत्या. तिला ते कळत होतं, हाताला कळत नव्हतं.

तोंडावर पाणी मारून ती परत आली. नोंदीत एक ओळ होती. आधी मोकळी जागा, मग ‘हू’. या घडीला मशीनवर कोण कोण आहे, हे विचारणारी आज्ञा. वेळ आत्ताची.

शेजारच्या जाड्याला तिने विचारलं, माझ्या मशीनला हात लावलास का. माझंच मशीन माझं ऐकत नाही, तुझ्याला कुठून हात लावू, असं तो म्हणाला.

ती दादाच्या खात्यातून बाहेर पडली. त्याच्या नावाने उघडी असलेली प्रत्येक खिडकी मिटली, आणि खातं काढायची आज्ञा आपल्या खात्यातून दिली. मशीन ऐकेना. माणूस आत काम करत असताना त्याचं खातं निघत नाही, आणि हा माणूस सध्या कामात आहे, असं उत्तर आलं. तिने पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा तेच.

जोर करून काढायचीही एक आज्ञा असते. ती तिला पाठ होती.

झालं का, साहेबांनी दारातून विचारलं.

तिने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीत ठेवले.

“थोडं थांबा साहेब. कामावरून अजून उठला नाहीये तो.”