बंद गेट

दुपारी पुण्यात धो धो पाऊस कोसळला आणि रस्त्यांवरचं पाणीही गटारांतून नदीकाठच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात येऊ लागलं. रोजच्या दुप्पट लोंढा. एवढं पाणी एकदम आत घेतलं, तर घाण खाणारे जिवाणूच वाहून जातात आणि पुढे कित्येक दिवस केंद्र निकामी होतं.

ऑपरेटर शंभू नदीकडच्या गेटच्या चाकाशी उभा होता. "मॅडम, देऊ सोडून नदीत? दरवेळी सोडतोच की."

"नाही." हवामानाचा अंदाज वाचून इंजिनिअर उत्कर्षाने सकाळीच राखीव टाकी रिकामी करून घेतली होती. "जास्तीचं पाणी तिकडे वळवा. जाळी मी बघते."

जाळीत अडकलेल्या पिशव्या, चिंध्या ती भर पावसात दाताळ्याने ओढत राहिली. पाणी वळवून शंभूही तिच्या मदतीला आला. टाकी काठोकाठ भरत आली, तेव्हा दोघांनी गेटकडे पाहिलं. पण चाकाला कोणी हात लावला नाही. हळूहळू पाऊस ओसरला.

मुख्य कार्यालयातून फोन आला. शंभूने उचलला.

"गेट किती वाजता उघडलं?"

"उघडलंच नाही, साहेब."

"कोण बोलतंय?"

नातेवाइकांनाही आजवर 'पाणीपुरवठ्यात आहे' असंच सांगत आलेला शंभू ताठ उभा राहिला.

"शंभू ढेरंगे. मैलापाणी केंद्र."