हट्टी गुडघे

“आई, पाय इकडे करा. आणि आज कुरकुर नको.”

सासूबाईंनी पाय उशीवर ठेवला. टेलरबाईंनी गुडघ्याखालची खोबण चाचपली आणि डावा अंगठा टेकवला.

“डाव्याने नको गं,” सासूबाई कळवळल्या. “डाव्या हाताने मला गुदगुल्या होतात. उजवाच लाव.”

“उजव्यात जोर कुठंय, आई?”

“आहे तेवढा पुरे. म्हातारीचं हाड ते, तुला काय लोखंडी खांब वाकवायचाय?”

टेलरबाई हसल्या आणि हात बदलला. दुकानात कापडाचा गठ्ठा उतरवताना त्या शिडीवरून पडल्या होत्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटांत कात्री धरायची ताकद काही परतली नाही. फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तर बाईंनी तो खिडकीतून भिरकावला. “हा पोरखेळ माझ्याच्याने होणार नाही,” असं डॉक्टरांना तोंडावर सुनावलं आणि दुकानाला कुलूप ठोकलं. मग दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. घरात सुईचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

अशात शेजारच्या नर्सबाईंनी अ‍ॅक्युप्रेशरचा तक्ता आणून दिला. तळपाय, तळहात, कान, आणि सगळीकडे ठिपकेच ठिपके. घरच्या घरी करा, म्हणाल्या, मन रमेल.

आणि घरात आजारपणाला नुसता ऊत आला. नवरा बस चालवायचा, त्याचं डोकं ठणकू लागलं. दीर छापखान्यात होता, त्याची मान आखडली. सासूबाईंचे गुडघे तर विचारूच नका. घरातच इलाज करणारं माणूस असताना बाहेर कोण जातंय?

“वहिनी, लोणी लावताय की काय?” दीर ओरडायचा. “जरा जोर लावा की!”

वहिनींचं डोकं सटकायचं. दात-ओठ खाऊन त्या अशा दाबायच्या, की भावजींच्या डोळ्यांत पाणी! दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या मान गरागरा फिरवून दाखवायचा आणि आठवडाभरात टाच धरून पुन्हा हजर. आजारांचं गोदामच होता मेला. नवऱ्याचं डोकं दुखायचं थांबलं, तर त्याच्या कानात दडे बसू लागले. कानावरचे ठिपके एवढेएवढेसे, ते चिमटीत धरून दाबावे लागत. सुरुवातीला चिमटी सुटून जायची. मग सुटेनाशी झाली.

टेलरबाईंना आता दिवस पुरत नव्हता. पहाटे उठून त्या तक्ता पाठ करायच्या. गॅसवर दूध उतू जायचं आणि या आपल्या स्वतःच्याच तळहातावर ठिपके शोधत उभ्या. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी जाहीरच केलं, “दुकान उघडायचं!”

तिघांचेही हात ताटातच थांबले.

“शिवणाचं नाही हो. अ‍ॅक्युप्रेशरचं! मशीन विकून टाकू. नवी पाटी लावू.”

नवऱ्याने भावाकडे पाहिलं, भावाने आईकडे. सासूबाईंना जोराचा ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, “आधी माझे गुडघे बरे कर. मग रंगव पाटी.”

म्हणजे आता सगळं गुडघ्यांवर येऊन ठेपलं. आणि ते गुडघे महा हट्टी. एकदा टेलरबाई स्वयंपाकघरात शिरल्या तर सासूबाई स्टुलावर चढून वरच्या फळीवरची बरणी काढत होत्या! सून दिसताच त्या खाली बसल्या आणि “आई गं!” म्हणून विव्हळल्या. पण टेलरबाईंना आनंदाने नाचावंसं वाटलं. स्टुलावर चढण्याइतका तरी गुण आलाच होता की!

आणि आज सासूबाईंनी त्याच फिजिओथेरपीच्या डॉक्टरांना घरी बोलावलं होतं. “त्यांना गुडघे बघून सांगू दे,” म्हणाल्या. “ते हो म्हणाले, तर उद्याच पाटी लाव.”

टेलरबाईंनी तक्ता पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातला. ज्या माणसाला आपण नाही नाही ते बोललो, तोच आता परीक्षक! तो हसला तर? कात्री गेली होती, आता हेही गेलं तर पुन्हा ती भिंतच. त्या भिंतीची त्यांना खरोखर भीती वाटत होती.

डॉक्टर आले. त्यांनी गुडघ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“तुम्ही दाबता कसं, ते मला दाखवा,” ते खुर्ची ओढत म्हणाले. “माझ्या हातावर.”

नवरा आणि दीर दाराशी येऊन उभे राहिले. कामाचा दिवस असून दोघंही घरी कसे, हे विचारायचंही टेलरबाईंना सुचलं नाही. त्यांनी डॉक्टरांचा तळहात धरला आणि अंगठा रोवला.

“आणखी जोरात.”

त्यांनी जीव खाऊन दाबलं. डॉक्टरांनी ओठ चावला.

“आता कान. नुसत्या चिमटीने. धरा. सोडा. पुन्हा धरा. भराभर!”

टेलरबाईंची बोटं सपासप चालू लागली. कपाळावर घाम, पण चिमटी काही चुकेना. शेवटी डॉक्टरच “बस, बस!” म्हणून मागे सरले.

“पटलं ना?” टेलरबाई धापा टाकत म्हणाल्या. आनंदाने त्यांचा आवाज चढला होता. “गुण येतो की नाही, सांगा!”

“आलाय की,” डॉक्टर म्हणाले. लालबुंद झालेला कान चोळत ते सासूबाईंकडे वळले. “आजी, सुनेच्या हातात कात्री द्या. तुमचे गुडघे आता दुखले नाहीत तरी चालेल.”