फिल्टरची दुसरी बाजू

लेक लुंबिनीला दमा होता. म्हणून प्रीतम गाडीच्या एसीचा फिल्टर दर दोन महिन्यांनी स्वतः बदलत असे. भोकरमधल्या घरासमोर, भर दुपारी, त्याने जुना फिल्टर ओढून काढला. बाहेरच्या हवेकडील बाजू कोरी होती. धूळ साचली होती ती बसणाऱ्यांच्या बाजूस.

"उलटाच बसवला व्हता, पप्पा! अन् मेकॅनिकला लई शिकवून राहिले व्हते," मागच्या सीटवरून लुंबिनी हसली.

फिल्टरच्या कडेवरचा हवेची दिशा दाखवणारा बाण तर योग्यच होता. त्याने नवा फिल्टर बसवला, पंखा बंदच ठेवला आणि खात्रीसाठी पुन्हा काढला. तीच बाजू काळवंडलेली होती, आणि उबदार.

"लुंबिनी, खाली उतर."

"थांबा ना, लई मोकळं वाटून राहिलंय."

त्याने वळून पाहिले. तिची छाती हलत नव्हती. त्याच्या हातातला फिल्टर मात्र संथपणे फुगत होता, ओसरत होता.