शेवटचा एरर

लिंकरने पुन्हा तेच सांगितलं: 'होल्ड-टेंपरेचर' नावाचं फंक्शन सापडत नाही.

चैतालीने खुर्ची मागे ढकलली. कोथरूडमधल्या त्या छोट्या कंपनीत अशक्त नवजात बाळांना ठेवायच्या काचेच्या पेट्या बनत. पेटीतला जुना प्रोसेसर मिळेनासा झाला होता. तेच सॉफ्टवेअर आता वेगळ्या जातीच्या नव्या प्रोसेसरवर चालवायचं होतं, आणि ते काम तिच्याकडे आलं होतं. प्रोग्रामचे सगळे तुकडे शेवटी एकत्र जोडतो तो लिंकर. एक जरी तुकडा सापडला नाही तरी तो अडून बसतो. सुरुवातीला तर स्क्रीन एररनी भरून जायची. कुठे जुन्या प्रोसेसरची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, चुकून जोडली जात होती, कुठे लायब्रऱ्यांचा क्रम उलटा झाला होता. एकेक करत तिने सगळं निस्तरलं. हे एक फंक्शन मात्र राहिलं. ते जुन्या प्रोसेसरसाठी तयार केलेल्या फाइलमध्ये बंद होतं आणि त्याचा मूळ कोड कुठेच नव्हता.

शेजारच्या टेबलावरचा रोहन म्हणाला, त्या नावाचं रिकामं फंक्शन लिहून टाक, लिंकर गप्प बसेल. ते तिलाही माहीत होतं. पण चैताली स्वतः सातव्या महिन्यात जन्मलेली. पहिले कित्येक दिवस ती अशाच एका पेटीत होती, आणि तिचे वडील भीमराव काचेला नाक लावून बाहेर उभे असत, हे घरात अजून सांगितलं जाई. पेटीच्या तापमानाशी संबंध असलेलं काहीही तिला रिकामं सोडायचं नव्हतं.

कंपनीचे मालक अनिरुद्ध सर त्याच मताचे निघाले.

"रिकामं काही जायचं नाही," ते म्हणाले. "आत बाळ असतं."

पेट्या पोचवायची तारीख तोंडावर आली होती, तरी सर असं म्हणाले, याचं तिला बरं वाटलं.

जुनं सॉफ्टवेअर सलिल नावाच्या इंजिनीअरने सांभाळलेलं होतं. मध्यंतरी एका हॉस्पिटलात कंपनीच्या पेटीत एक बाळ भाजलं. कंपनीच्या चौकशीत ठपका सलिलवर आला, त्याची नोकरी गेली, आणि कोर्टातली केस अजून चालू होती. ऑफिसात त्याचं नाव कोणी काढत नसे. पण मूळ कोड असला तर त्याच्याकडेच असेल, म्हणून शनिवारी चैताली कोणाला न सांगता कसबा पेठेत त्याच्या घरी गेली.

दार त्याच्या बायकोने, उल्काने उघडलं. कंपनीचं नाव ऐकल्यावर तिने आत यायलाही सांगितलं नाही. सलिल बाहेर आला आणि दारातच उभा राहिला. चैतालीने अडचण सांगितली. फंक्शनचं नाव ऐकल्यावर त्याने मागे वळून उल्काकडे पाहिलं. गल्लीत कोणीतरी तांब्याचं भांडं ठोकत होतं.

"वकिलांनी बोलायला मनाई केलीय," तो म्हणाला. "एवढंच सांगतो. ते रिकामं ठेवा."

"रिकामं? अहो, आत बाळं असतात."

"आत काय असतं ते मला चांगलं माहीत आहे."

दार बंद झालं.

स्कूटरपर्यंत चालताना तिच्या मनात एकच विचार होता. आणखी एखादं बाळ भाजलं तर दोष मशीनचा ठरेल आणि हा सुटेल, असा हिशेब त्या माणसाच्या डोक्यात असेल का?

सोमवारी तिने सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. सलिल आणखी काही बोलला का, एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. ती नाही म्हणाली. मग ते म्हणाले, सगळं गमावलेला माणूस आहे, असंच बोलणार, तू मनाला लावून घेऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन एक पेन ड्राइव्ह तिच्या टेबलावर ठेवला. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मूळ कोड सापडला होता.

चैतालीने तो लक्षपूर्वक वाचला. छोटं, नेटकं फंक्शन होतं. सेन्सरकडून अचानक उडी मारलेला, वेडावाकडा आकडा आला की तो गाळून टाकायचा आणि आधीचा बरोबर आकडाच धरून ठेवायचा. उगाच अलार्म वाजू नये, नर्सची धावपळ होऊ नये, हा हेतू. तिने ते कंपाइल करून नव्या प्रोसेसरच्या भाषेत आणलं आणि लिंकर चालवला. एकही एरर आला नाही. रोहनने टाळ्या वाजवल्या.

पेटी आठवडाभर टेस्टिंग रूममध्ये सुरळीत चालली. सरांनी सगळ्यांना आइस्क्रीम मागवलं. भीमरावांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि नुसतंच "शाब्बास" म्हणाले.

पहिली पेटी शहरातल्याच एका हॉस्पिटलात गेली. ती वापरायला घेतली त्याच दिवशी दुपारी चैताली हौसेने बघायला गेली. पेटीत एक मुलगी होती, तळहातात मावेल एवढी. तिला कावीळ झाली होती, म्हणून पेटीवर निळा दिवा लावलेला होता. खिडकीतून उन्हाचा पट्टा काचेवर पडला होता.

"फार गुणी मशीन आहे तुमचं," वॉर्डच्या हिरा सिस्टर म्हणाल्या. "आधीची दुसऱ्या कंपनीची पेटी सारखी बोंबलायची. दिवा लावला की झालीच सुरू. ही सकाळपासून एकदाही वाजली नाही. आणि पोर बघा, कधीची गाढ झोपलीय. रडणं नाही की काही नाही."

स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत साडेछत्तीस दिसत होते. सेन्सरची वायर जरा दुमडलेली वाटली, म्हणून चैतालीने हात धुतले, पेटीची गोल झडप उघडली आणि हात आत घातला.

उन्हात उभ्या गाडीचं दार उघडावं तशी आतली हवा तिच्या मनगटावर आली. पलीकडे साडेछत्तीसचा आकडा जराही हलला नाही.