उजवी टाच

योगराज बांधावरून पळत आला तेव्हा झामसिंग मैदानावर गवत कापायचं मशीन ढकलत होता. योगराज त्याचा साळा. "भाऊजी, ते मशीन बंद करा आधी," तो म्हणाला, आणि मग, "बाई गेली आमची."

धानाची रोवणी करताना झामसिंगच्या बायकोच्या, चमेलीच्या घोट्याला साप डसला होता. शेत भोजराज शेठचं, गोल्फचे चेंडू मारायचं हे मैदानही त्याचंच, आणि त्याची मोठी गाडी तिथंच रस्त्याला उभी होती. बाया धावत गेल्या. शेठ म्हणाला, "चिखलाचं अंग घेऊन सीटवर कुठं बसवता? मी नागपूरले जाऊन राहिलो, मॅच आहे माही. मोटरसायकल बोलवा कोणाची." मोटरसायकल यायला पाऊण तास लागला. मातीच्या दिवशी रोवणीतल्याच सुलोचनाबाईनं हे झामसिंगला शब्द न् शब्द सांगितलं.

झामसिंगनं काम सोडलं नाही. लोक म्हणाले, पोट कोणाला चुकलं आहे. पण त्याचं कारण वेगळं होतं.

भोजराजचा चेंडू लांब जात नसे. कोहमाऱ्याच्या हायवेला लागून त्यानं हौसेनं मैदान केलं होतं, काठ्या भारीतल्या आणल्या होत्या, पण मारायचा तो नुसत्या हातांनी. झामसिंगनं तीस वर्षं जंगलखात्याच्या कूपात, तोडीसाठी आखून दिलेल्या रानात, झाडं तोडली होती. कुऱ्हाड हातांनी चालत नाही. भार मागच्या पायावर घ्यायचा, आधी कंबर फिरवायची, भार पुढच्या पायावर टाकायचा. मागची टाच आपोआप उठते आणि हात शेवटी येतात. जो पाय रोवून नुसत्या धडानं तोडतो त्याचं काय होतं, हेही त्याला माहीत होतं. त्याच्या टोळीतला केवलराम तसाच तोडायचा. एका दुपारी त्याच्या कंबरेत काहीतरी तुटलं. अकरा वर्षं झाली, खाटेवर आहे. परसाकडे न्यायला दोन माणसं लागतात.

भोजराजला तशी खाट मिळावी, एवढंच झामसिंगला हवं होतं. चार महिने तो गवत कापत राहिला. दिवाळीनंतर शेठनंच विचारलं.

"झामसिंग, तू तर कुऱ्हाडवाला. सांग ना बे, माहा चेंडू काऊन पुढं जात नाही?"

"पाय हालतेत तुमचे, शेठ. गाडून ठेवा जमिनीत. टाच उचलू नोका. कंबर आवळून धरा अन् वरचं अंग जोर लावून फिरवा."

त्या दिवसापासून भोजराज रोज सकाळी तसं मारू लागला. आठव्या दिवशी त्यानं कंबरेला हात लावला. "दुखून राहिलं बे."

"दुखते म्हणजे अंगात बसून राहिलं. अजून जोरानं मारा."

त्या दिवशी झामसिंग पोटभर जेवला. चमेली गेल्यापासून पहिल्यांदाच.

आज शेठ कंबरेला पट्टा बांधून आला. रविवारी नागपूरला मोठी मॅच होती. पहिल्याच फटक्याला तो कण्हला आणि वाकूनच उभा राहिला. अजून दोन-चार दिवस, झामसिंगनं मनात म्हटलं.

"एकदा तू मारून दाखव," भोजराज म्हणाला. "पाहू दे मले."

"मी नोकर माणूस, शेठ. माह्याच्यानं नाही होत."

"मार म्हणतो ना!"

झामसिंगनं काठी घेतली. चुकीचंच मारायचं, असं ठरवून त्यानं पाय गाडले, कंबर आवळली, शेठसारखेच खांदे वर घेतले. खाली चेंडू होता. शेजारी भोजराज पट्टा सारखा करत उभा होता. झामसिंगला एकाएकी संताप आला आणि त्यानं सगळा जीव लावून काठी फिरवली. तीस वर्षांची सवय होती. भार आपला आपण सरकला, कंबर फिरली, उजवी टाच उठली. चेंडू सागाच्या रांगेवरून पलीकडं गेला.

भोजराज चेंडूकडं पाहतच नव्हता. तो झामसिंगच्या पायाकडं पाहत होता.

"तुही टाच उठली."

"पाय घसरला, शेठ. दव पडून राहिलं."

"अन् कंबर? तेही घसरली का?" भोजराजला हसू आलं. "मोठा लबाड आहेस बे! जुने कारागीर असेच. असली हुनर आपल्यापाशी ठेवतेत अन् दुसऱ्याले भलतंच सांगतेत. कायले लपवते? मी का तुही भाकर हिसकून राहिलो?"

झामसिंगनं काठी त्याच्या हातात दिली.

भोजराजनं पट्टा सोडून गवतावर टाकला. पाय मोकळे ठेवून उभा राहिला. भार मागं घेतला, कंबर फिरवली, टाच उचलली. चेंडू उंच गेला आणि सागाच्या रांगेपलीकडं पडला.

"अरे वा! अन् दुखलंही नाही!" तो ओरडला. "अजून एक लाव."

झामसिंगनं वाकून दुसरा चेंडू लावला. मग तिसरा. ऊन चढेपर्यंत तो लावत राहिला आणि भोजराज मारत राहिला. एकदाही कण्हला नाही.

भोजराजची कंबर अजून शाबूत होती.